कै. चिंतामणराव देशमुख : विश्वस्तवृत्तीचे दीर्घायुष्य

आपल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीच्या इतिहासात लेखणी व तलवार ही दोन साधने बरोबरीने मानली गेली आहेत. १६६० साली बाजी प्रभू देशपांडे यांनी घोडखिंड अडवून धरली, १६६५ साली मुरारबाजी देशपांडे पुरंदरावर धारातीर्थी पडले आणि बाळाजी आवजी चिटणीस यांनी शिवछत्रपतींच्या दरबारातील लेखणी सांभाळली. ही नावे आपल्या घरांतील मुलांना लहानपणापासून पाठ असतात. परंतु महायुद्धाच्या धामधुमीत ज्यांनी सबंध हिंदुस्थानच्या चलनाचा भार शिरावर घेतला, स्वतंत्र भारताचे अर्थमंत्रिपद ज्यांनी सहा वर्षे भूषविले आणि तत्त्वाचा प्रश्न येताच ते पद ज्यांनी सोडून दिले, त्या चिंतामणराव देशमुखांविषयी आपल्या तरुण पिढीस फारशी माहिती नसते. नाव ऐकलेले असते, पण त्या नावामागचा माणूस ठाऊक नसतो. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी त्यांचेच चरित्र आम्ही योजिले आहे.

चिंतामणरावांनी हाती बंदूक धरली नाही. त्यांचे रणांगण हिशेबाच्या वह्यांत होते. पण दुसऱ्या महायुद्धाची सहाही वर्षे ते रिझर्व्ह बँकेत होते आणि त्या वर्षांत त्या बँकेने जे सोसले ते युद्धाहून वेगळे नव्हते. त्यांचे आयुष्य ८६ वर्षांचे झाले. एवढ्या दीर्घ आयुष्यात त्यांनी इतकी पदे भूषविली की नुसती यादी दिली तरी पाने भरतील. आम्हांस येथे यादी द्यावयाची नाही. त्या सर्व पदांतून ओवलेला एक धागा आम्हांस दिसतो आणि तोच वाचकांपुढे ठेवावयाचा आहे. हाती आलेली सत्ता व हाती आलेला पैसा हा दुसऱ्याचा आहे, आपण केवळ त्याचे विश्वस्त आहोत, वेळ येताच तो चोख हिशेबासह परत करावयाचा आहे, ही वृत्ती म्हणजेच तो धागा होय.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी, म्हणजे ऐन संक्रांतीच्या सुमारास, महाडजवळील नाते या गावी झाला. हे गाव तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात आहे. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे रोहे येथे वकिली करीत, मातोश्रींचे नाव भागीरथीबाई. घरातील वातावरण धर्मशील व विद्येची आवड असलेले होते. कुंडलिका नदीच्या काठचे रोहे हे त्या काळी लहानसे गाव. अशा गावातील मुलगा पुढे मुंबईस शिकावयास गेला आणि १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिला आला. संस्कृतातील प्रावीण्याबद्दलची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच पटकाविली. त्या काळी मॅट्रिक ही काय परीक्षा होती आणि शंकरशेट शिष्यवृत्ती म्हणजे केवढा मान होता, हे आम्हा शिक्षकांस विशेष जाणवते. सबंध मुंबई इलाख्यातील हजारो मुलांतून ती मिळवावी लागे. पुढे कित्येक वर्षे हुशार मुलांचे आईबाप देशमुखांचे उदाहरण मुलांपुढे ठेवीत असत.

एल्फिन्स्टन कॉलेजात काही काळ शिकून १९१५ साली ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजात दाखल झाले. पहिले महायुद्ध तेव्हा ऐन भरात होते. संस्कृताचा हा विद्यार्थी तेथे निसर्गविज्ञानाकडे वळला. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूगर्भशास्त्र हे विषय घेऊन १९१७ साली ते पदवी परीक्षा उत्तीर्ण झाले आणि वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांना मिळाले. लगेच पुढच्या वर्षी, १९१८ साली, लंडनमध्ये झालेल्या आय. सी. एस. परीक्षेत ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. ही परीक्षा तेव्हा विलायतेतच होत असे आणि तेथील उत्तम विद्यापीठांतील इंग्रज तरुण तीस बसत. अशा परीक्षेत रोह्याच्या वकिलाचा बावीस वर्षांचा मुलगा पहिला यावा, ही गोष्ट त्या काळच्या मराठी समाजास केवढी अभिमानाची वाटली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

१९२० साली स्वदेशी परतल्यावर त्यांची नेमणूक मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात झाली. त्या प्रांताची राजधानी नागपूर. मुंबईहून नागपूरला जाणारी आगगाडी आपल्या भुसावळावरूनच जाते. येथे एक फाटा इटारसीकडे वळतो व दुसरा वऱ्हाडातून नागपूरकडे. आपल्या फलाटापलीकडे पूर्वेस थोड्याच अंतरावर त्या काळी त्यांचा प्रांत सुरू होत असे. जवळजवळ एकोणीस वर्षे त्यांनी त्या प्रांतात काम केले. डेप्युटी कमिशनर, सेटलमेंट ऑफिसर, महसूल व अर्थ खात्याचे सेक्रेटरी अशा पायऱ्या त्यांनी चढल्या. सेटलमेंटचे काम म्हणजे शेतजमिनीची प्रत ठरवून साऱ्याची आकारणी करणे. कागदावरील आकड्यामागे एक शेतकरी, त्याचे शेत आणि त्याची बैलजोडी उभी असते, हे ज्ञान असे काम करणाऱ्यास पुस्तकातून मिळवावे लागत नाही.

१९३१ साली लंडनमध्ये दुसरी गोलमेज परिषद भरली, तिला महात्मा गांधी उपस्थित होते. त्या परिषदेच्या सचिवालयात चिंतामणरावांनी काम केले. पुढे प्रांत व मध्यवर्ती सरकार यांच्यामध्ये उत्पन्नाची वाटणी कशी असावी, हे ठरविण्यासाठी १९३६ साली सर ऑटो निमायर यांची चौकशी झाली. तीत मध्य प्रांताची बाजू अर्थ खात्यातर्फे चिंतामणरावांनी मांडली आणि त्या मांडणीची चांगलीच वाखाणणी झाली. प्रांतातील एका अधिकाऱ्याचे नाव त्यामुळे दिल्लीस व मुंबईस ठाऊक झाले.

१९३९ सालच्या जुलै महिन्यात ते रिझर्व्ह बँकेत आले. बँक आणि हिंदुस्थान सरकार यांच्यामध्ये दुवा म्हणून काम करणे, हे त्यांचे पहिले काम होते. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी स्थापन झालेली, म्हणजे तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती. चिंतामणराव येऊन दोन महिने होतात न होतात तोच युरोपात दुसरे महायुद्ध पेटले. थोड्याच काळात ते बँकेच्या मध्यवर्ती मंडळाचे सेक्रेटरी झाले, १९४१ साली डेप्युटी गव्हर्नर झाले आणि गव्हर्नर सर जेम्स टेलर यांचे पदावर असतानाच निधन झाल्यानंतर ११ ऑगस्ट १९४३ रोजी ते गव्हर्नर झाले. रिझर्व्ह बँकेचे ते तिसरे गव्हर्नर व पहिले हिंदी गव्हर्नर होत. नोटेवर गव्हर्नराची सही असते आणि ती सही म्हणजे नोट धारण करणाऱ्यास तेवढी रक्कम देण्याचे वचन असते. त्या वचनाखाली प्रथमच एका हिंदी माणसाची, एका मराठी माणसाची सही आली.

हे वचन पाळणे त्या काळी किती अवघड होते, हे समजून घेण्यासारखे आहे. समजा, खानदेशातील एखाद्या गिरणीने लष्कराला कापड पुरविले. ते कापड आफ्रिकेत वा ब्रह्मदेशात लढणाऱ्या फौजेसाठी गेले. त्याची किंमत ब्रिटिश सरकारने द्यावयाची, पण ती दिली जाई लंडनमध्ये, पौंडांत. ते पौंड रिझर्व्ह बँकेच्या नावे तेथे जमा होत आणि त्यांच्या आधारावर येथे रुपयांच्या नोटा छापून गिरणीचे व मजुरांचे पैसे चुकते होत. म्हणजे कापड देशाबाहेर गेले, धान्य देशाबाहेर गेले, नोटा मात्र येथे वाढल्या. माल कमी आणि पैसा जास्त, अशी स्थिती झाली की महागाई आलीच. युद्धापूर्वी देशात २०० कोटी रुपयांच्या आतच नोटा फिरत होत्या; युद्ध संपेपर्यंत त्या १००० कोटींच्या पुढे गेल्या. चिंतामणराव गव्हर्नर झाले त्याच १९४३ साली बंगालात दुष्काळाने लक्षावधी माणसे मेली. युद्धाचा खर्च किती व कसा करावयाचा, हे ठरविणे बँकेच्या हाती नव्हते. ते लंडन व दिल्ली येथील सरकारांनी ठरवावयाचे. बँकेच्या हाती होते ते एवढेच : चलनावरील लोकांचा विश्वास ढळू न देणे, सरकारी कर्जरोखे विकून जमेल तेवढा पैसा लोकांकडून परत गोळा करणे आणि लंडनमध्ये साठलेल्या आपल्या देशाच्या पौंडांचा पैन् पै हिशेब राखणे. हे काम चिंतामणरावांनी गाजावाजा न करता केले. १९४४ साली ब्रिटिश सरकारने त्यांना सर ही पदवी दिली.

त्या पौंडांची शिल्लक युद्धाच्या शेवटी सुमारे १७०० कोटी रुपयांच्या घरात गेली. शतकभर जो देश इंग्लंडचा ऋणको होता, तो आता धनको झाला. पण कर्जदार बलाढ्य व विजयी असला म्हणजे सावकाराची काय गत होते, हे जगास ठाऊक आहे. हिंदुस्थानचे हे देणे कमी करावे वा बुडवावे, असा सूर विलायतेत निघू लागला होता. १९४४ सालच्या जुलैमध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे युद्धोत्तर जगाच्या अर्थव्यवस्थेचा विचार करण्यासाठी परिषद भरली. हिंदुस्थानातर्फे पाच प्रतिनिधी गेले, त्यांत सर जेरेमी रेझमन, सर थिओडोर ग्रेगरी, सर षण्मुखम् चेट्टी, ए. डी. श्रॉफ यांच्यासमवेत चिंतामणराव होते. ही शिल्लक सोडविण्याची सोय नव्या संस्थेने करावी, ही आपली मागणी तेथे मान्य झाली नाही. पण हा प्रश्न जगापुढे आला आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत आपल्या देशास ४० कोटी डॉलरचा हिस्सा मिळाला. परतंत्र देशाचे प्रतिनिधी असूनही या मंडळींनी देशाची बाजू स्वतंत्र देशाच्या प्रतिनिधींप्रमाणे मांडली. पुढे १९५० साली पॅरिस येथे नाणेनिधी व जागतिक बँक यांची संयुक्त वार्षिक सभा भरली, तिचे अध्यक्षस्थान चिंतामणरावांनी भूषविले.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला व त्याच दिवशी दुभंगला. जमिनीची फाळणी नकाशावर रेघ ओढून होते, पण चलनाची फाळणी तशी होत नाही. काही काळ रिझर्व्ह बँक हीच दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंस रक्तपात चाललेला असताना एकाच बँकेने दोन्ही सरकारांचा हिशेब ठेवावयाचा, आणि तोही असा की कोणासही बोट दाखविता येऊ नये, हे किती नाजूक काम असेल! ३० जून १९४८ पर्यंत ही व्यवस्था चालली व १ जुलैपासून पाकिस्तानची स्वतंत्र बँक सुरू झाली. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. भागधारकांची बँक देशाची बँक झाली. हे स्थित्यंतर पार पाडून ३० जून १९४९ रोजी चिंतामणरावांनी गव्हर्नरपद सोडले. परक्या राजवटीत स्वीकारलेली ठेव त्यांनी स्वराज्याच्या स्वाधीन केली, असेच आम्ही म्हणू.

बँकेतून निवृत्त झालेल्या या गृहस्थास विश्रांती मात्र मिळाली नाही. १९५० साली नियोजन मंडळ स्थापन झाले, त्यात त्यांची नेमणूक झाली आणि त्याच वर्षी जॉन मथाई यांच्या राजीनाम्यानंतर पंडित नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केले. १९५२ सालच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपल्या जन्मजिल्ह्यातून, कुलाबा मतदारसंघातून, ते लोकसभेवर निवडून आले. १९५१ पासून १९५६ पर्यंतची अंदाजपत्रके त्यांनी मांडली आणि २०६९ कोटी रुपयांच्या पहिल्या पंचवार्षिक योजनेस पैसा उभा करून दिला.

त्यांच्या कारकिर्दीतील दोन गोष्टी तर आपल्या प्रत्येकाच्या घरापर्यंत पोहोचलेल्या आहेत. खेड्यातील शेतकऱ्यास कर्ज कोण देतो, याची देशव्यापी पाहणी रिझर्व्ह बँकेने १९५१ साली हाती घेतली. शेकडा सत्तरच्या आसपास कर्ज सावकारांकडूनच मिळते आणि सहकारी पेढ्यांचा वाटा शेकडा तीनच्याच घरात आहे, असे तीतून दिसून आले. तेव्हा बँक खेड्यांकडे नेली पाहिजे, या विचाराने इम्पीरियल बँक सरकारने आपल्याकडे घेतली आणि १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक ऑफ इंडिया अस्तित्वात आली. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याची जबाबदारी तिच्यावर टाकण्यात आली. दुसरी गोष्ट विम्याची. १९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विम्याचा धंदा सरकारने ताब्यात घेतला व त्या रात्री चिंतामणरावांनी आकाशवाणीवरून तो निर्णय जनतेस सांगितला. विमा कंपन्या व भविष्यनिर्वाह सोसायट्या मिळून २४५ संस्था एकत्र येऊन १ सप्टेंबर १९५६ पासून आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. विधवेच्या हाती पडावयाचा विम्याचा पैसा कंपनीच्या चालकांनी अन्यत्र गुंतवून बुडवावा, असे प्रकार घडत होते. ठेव ही ठेवच राहिली पाहिजे, हा त्यांच्या आयुष्याचा मंत्र येथे कायद्याच्या रूपाने उतरला. आपल्या ज्ञातीतील कितीतरी कुटुंबांचा चरितार्थ या दोन संस्थांतील नोकरीवर चालला आहे व त्याहून कितीतरी अधिक कुटुंबांची पुंजी तेथे सुरक्षित राहिली आहे.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंगाकडे येऊ. आयुर्विम्याचा निर्णय जाहीर होत होता त्याच आठवड्यात मुंबई पेटली होती. भाषावार प्रांतरचनेत मुंबई शहर महाराष्ट्रास न देता केंद्राच्या ताब्यात ठेवावयाचे, ही घोषणा १६ जानेवारी १९५६ रोजी झाली. लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात अनेक माणसे मृत्युमुखी पडली. आपला खानदेश तेव्हा मुंबई राज्यातच होता. पूर्व व पश्चिम खानदेश अशी दोन जिल्ह्यांची नावे होती आणि येथील लोकांची मनेही त्या वार्तांनी पोळून निघाली होती. चिंतामणरावांनी जानेवारीतच राजीनाम्याची तयारी दर्शविली होती. तडजोड निघेल या आशेने काही महिने गेले. ती निघत नाही असे दिसताच २४ जुलै १९५६ रोजी त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले आणि दुसऱ्या दिवशी लोकसभेत उभे राहून आपली कारणे सांगितली. मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता घेतला गेला, ही त्यांची पहिली तक्रार. आणि गोळीबारात एवढी माणसे मेली असता त्याची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, ही दुसरी.

या दोन कारणांकडे वाचकांनी बारकाईने पाहावे, अशी आमची विनंती आहे. मराठी माणूस म्हणून मुंबईचे प्रेम त्यांना होतेच, आणि ज्या कुलाब्याने त्यांना निवडून दिले तेथील मतदारांशी ते बांधलेले होते. पण त्यांनी सभागृहात भावनेचा पूर वाहविला नाही. निर्णय घेण्याची रीत मोडली आणि माणसे मेली त्यांचा हिशेब दिला गेला नाही, असे त्यांनी सांगितले. युद्धाच्या धुमश्चक्रीत नोटांचा हिशेब राखणाऱ्या या माणसास माणसांचा हिशेब चुकलेला सहन झाला नाही. तेव्हा ते साठ वर्षांचे होते. नेहरूंसारख्या लोकप्रिय पंतप्रधानाच्या मंत्रिमंडळातील अर्थमंत्रिपद हे देशातील मोठ्यांतले मोठे पद होते. ते त्यांनी कोणताही सौदा न करता खाली ठेवले. पुढे १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. त्या राज्यासाठी ज्यांनी प्राण दिले त्यांचे ऋण सर्वांत मोठे, पण पदाचा त्याग करणाऱ्यांत चिंतामणरावांचे नाव अग्रभागी राहील.

पद सोडलेली माणसे पुष्कळदा कडवट होतात, नव्या पदासाठी खटपट करतात किंवा घरी बसून आठवणी उगाळतात. चिंतामणरावांनी यांपैकी काहीच केले नाही. १९५६ पासून १९६१ पर्यंत ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष होते. १९६२ पासून १९६७ पर्यंत ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटर या संस्थेच्या उभारणीत त्यांचा मोठा हात होता व ते तिचे पहिले अध्यक्ष. कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे अध्यक्षपद तर त्यांनी १९४५ पासून १९६४ पर्यंत सांभाळले. १९५९ साली सरकारी सेवेबद्दलचे रॅमन मॅगसेसे पारितोषिक त्यांना मिळाले. त्याच वर्षी, उच्च पदांवरील भ्रष्टाचाराची चौकशी करण्यासाठी एखादे स्वतंत्र न्यायमंडळ असावे, अशी मागणी त्यांनी जाहीरपणे केली. सत्ताधाऱ्यांना ती रुचली नाही. पण लोकपाल व लोकायुक्त यांची चर्चा आज होते तेव्हा हा विचार इतक्या आधी मांडणारा माणूस कोण होता, हे विसरू नये. १९६९ साली राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीस ते उभे राहिले. जनसंघ व स्वतंत्र पक्षाचा त्यांना पाठिंबा होता. व्ही. व्ही. गिरी निवडून आले, नीलम संजीव रेड्डी दुसरे राहिले आणि चिंतामणरावांना १,१२,७६९ मतमूल्य मिळून तिसरे स्थान मिळाले. पराभवानंतर ते शांतपणे आपल्या कामास लागले. १९७५ साली त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला.

त्यांच्या घराविषयी लिहिताना एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. १९२० साली त्यांनी रोझिना या इंग्रज तरुणीशी विवाह केला. त्यांना एक कन्या झाली. १९४९ साली रोझिनाबाई निवर्तल्या. पुढे २२ जानेवारी १९५३ रोजी त्यांचा विवाह दुर्गाबाईंशी नोंदणी पद्धतीने झाला. पंडित नेहरू त्या विवाहाचे एक साक्षीदार होते. दुर्गाबाई राजमहेंद्रीच्या, तेलुगू भाषिक. लहानपणीच त्यांचे लग्न झाले होते. मोठेपणी त्यांनी ते बंधन नाकारले, वकिलीचे शिक्षण घेतले, तुरुंगवास भोगला, मद्रासेत आंध्र महिला सभा स्थापिली आणि घटना समितीत व नियोजन मंडळात काम केले. समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा. पतीएवढ्याच स्वतंत्र कर्तृत्वाची ही स्त्री होती.

ज्या ज्ञातिमंडळांच्या कार्यात वधूवर-सूचीस मानाचे स्थान असते, अशांच्या स्मरणिकेत ही हकीगत गाळून चरित्र छापणे सोपे होते. परंतु ज्या पुरुषाने जन्मभर हिशेबातील एकही रक्कम लपविली नाही, त्याच्याच चरित्रातील रक्कम आपण लपविणे शोभणार नाही. चिंतामणराव आपल्या ज्ञातीत जन्मले. ते आपल्या ज्ञातीपुरते कधीच जगले नाहीत. त्यांची नेमणूक कोणी ज्ञात पाहून केली नाही आणि त्यांनीही पदावर असताना ज्ञात पाहिली असे कोणी म्हणू शकणार नाही. तेव्हा ते आपले म्हणून मिरविण्याचा आपणांस अधिकार काय? आमच्या मते जन्माने हा अधिकार फार थोडा मिळतो. त्यांच्या वृत्तीचा काही अंश आपल्या घरांत उतरला तरच तो खऱ्या अर्थाने मिळतो. बाजी प्रभूंविषयीही हेच म्हणता येईल. खिंडीत उभे राहिले ते स्वराज्यासाठी, ज्ञातीसाठी नव्हे. आणि म्हणूनच ज्ञातीस त्यांचा अभिमान वाटतो.

पैशाच्या व्यवहारात आयुष्य घालवूनही त्यांचे मन रुक्ष झाले नव्हते. शाळेत ज्या संस्कृताने त्यांना पहिली कीर्ती मिळवून दिली, तिची संगत त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठीत अनुवाद केला. गांधीजींच्या विचारांचे संस्कृत श्लोकांत रूपांतर केले. स्वतःच्या संस्कृत कवितांचा संग्रह त्यांनी प्रसिद्ध केला. दिवसभर अंदाजपत्रकाचे आकडे आणि मोकळ्या वेळी श्लोकरचना, हा योग दुर्मीळ होय. १९७४ साली त्यांनी आपले आत्मचरित्रही इंग्रजीत प्रसिद्ध केले.

उतारवयात पतिपत्नी हैदराबादेस राहिली. ९ मे १९८१ रोजी दुर्गाबाई गेल्या. त्यानंतर दीडच वर्षाने, २ ऑक्टोबर १९८२ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, चिंतामणरावांनी हैदराबाद येथेच देह ठेवला. रोह्यापासून दूर, पण ज्या देशाची सेवा केली त्या देशाच्याच मातीत.

आज आपल्या ज्ञातीची मुले-मुली बँकांत आहेत, विमा कचेऱ्यांत आहेत, रेल्वेत आहेत, परदेशातील मोठ्या कंपन्यांत आहेत. प्रत्येकास चिंतामणरावांएवढी बुद्धी मिळणार नाही आणि मिळाली नाही म्हणून कोणी खंत करू नये. सबंध इलाख्यात पहिला एकच येतो. पण खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याची पासबुकातील नोंद नीट तपासून देणे, सोसायटीचा, देवळाचा वा मंडळाचा पैसा आपल्या पैशात न मिसळणे, चुकीच्या कागदावर वरिष्ठाने सांगितले तरी सही न करणे, आणि पद सोडण्याची वेळ आली तर ते मुकाट्याने व स्वच्छ हातांनी सोडणे, यासाठी शंकरशेट शिष्यवृत्ती लागत नाही. ते भुसावळातील कोणासही जमण्यासारखे आहे. पालकांनी हे चरित्र मुलांकडून एकदा मोठ्याने वाचून घ्यावे आणि नोटेवरील सहीचा अर्थ त्यांना समजावून सांगावा. ती सही म्हणजे एका माणसाने अनोळखी कोट्यवधी माणसांना दिलेला शब्द असतो. चिंतामणरावांनी तो शब्द युद्धातही मोडू दिला नाही.